दोरी आणि जात्याची तळी

आमच्या विहिरीचं पाणी मोजायचं काम माझ्याकडे होतं आणि तीन वर्षं मी ते नाकाने कांदे सोलत केलं, हे आधीच सांगून टाकते. नंतर दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा बरं.

बावीस घरं, एक विहीर, एक पंप. पाऊस आमच्याकडे यायचा म्हणून येतो आणि चहासुद्धा न घेता निघतो. म्हणून आम्ही सगळ्यांनी बसून एक नियम केला. पाऊस संपला की विहिरीत दोरी सोडायची आणि काठापासून पाणी किती फुटांवर आहे ते बघायचं. तीस फुटांच्या आत असेल तर ज्याला हवं त्याने टोमॅटो लावावेत. तीसच्या खाली गेलं असेल तर ज्वारी आणि चारा, टोमॅटोचं नाव काढायचं नाही. नियम पंपाच्या खोलीच्या भिंतीवर रंगवलाय. खालच्या दोन ओळी आमच्या पाणी समितीच्या अध्यक्षांच्या बकऱ्यांनी अंग घासून घासून पुसून टाकल्यात, पण पाठ सगळ्यांनाच आहे.

आधी मोजायचं काम अध्यक्षांकडेच होतं. अध्यक्ष विहिरीत वाकून बघायचे, खाकरायचे आणि म्हणायचे, "असेल अठ्ठावीस." दोरी पंपाच्या खोलीत उंदरांच्या ताब्यात. मी एका बैठकीत उठून म्हणाले, विहीर म्हणजे काय गालावरचा तीळ आहे का, लांबून बघून सांगायला? सगळे हसले, आणि हसता हसता काम माझ्या गळ्यात मारलं.

मग मी दाखवलंच त्यांना. नवी नायलॉनची दोरी आणली. शिंप्याची फुटपट्टी आणून दर फुटाला लाल दोरा बांधला, दर पाच फुटांना निळी चिंधी शिवली. टोकाला जुनं कुलूप. दर सोमवारी सकाळी मोजणार, आकडा खडूने फळ्यावर लिहिणार. ओली दोरी गुंडाळून ठेवली की तिला पीळ पडतो, गुंता होतो, म्हणून मी तिच्या घड्या घालून घरात आढ्याच्या कडीला टांगायचे आणि खाली वजन म्हणून आमच्या जुन्या जात्याची तळी, म्हणजे खालचा दगड, बांधायचे. दोरी कशी सरळ, ताठ, शिस्तीत. ती तळी दाराआड लोंबायची. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नडगीला लागायची. नवरा तर रोज एकदा आपटायचा आणि माझ्या माहेरच्यांची आठवण काढायचा. मी म्हणायचे, लागू दे, पण दोरी सरळ राहिली पाहिजे.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी मात्र विहिरीने ऐन वेळी तळ दाखवला. फळ्यावर एकोणतीस होतं, म्हणजे नियमात होतं, लोकांनी टोमॅटो लावले होते, आणि फळं तयार व्हायला दोन आठवडे असताना पंप नुसती हवा ओढायला लागला. सगळ्यांची झाडं उभ्याउभ्या वाळली.

सगळ्यांची, एका शेताशिवाय.

ते शेत माझ्या धाकट्या जावेचं. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक भिंत आणि शेतांमध्ये एक बांध. तिची झाडं हिरवी होती. दुष्टपणाने हिरवी होती म्हणा ना. तिने पाऊस संपल्यावर सगळ्या सरींमध्ये वाळकं गवत, धाटं, पालापाचोळा अंथरला होता, टाचेइतका जाड. लोक हसायचे, शेताला गादी घालतेस का, उशी पण दे म्हणून. मीही हसले होते. पण पाणी संपल्यावर ती हिरवळ बघून मला हसू आलं नाही. मी हिशोब मांडला: दोरी सांगतेय पाणी होतं, पंप सांगतोय पाणी गेलं, हिचं शेत सांगतंय कुठे गेलं. दुपारी सगळे आडवे झाले की ही वाल्व्ह फिरवते, दुसरं काय.

बैठकीत मी ते सगळ्यांसमोर बोलले. ती उभी राहिली आणि एकदाच म्हणाली, "पाणी मी घेतलं नाही. जमीन झाकली आहे, म्हणून ओल राहिली."

मी म्हणाले, "दोरी खोटं बोलत नाही."

लोकांनी दोरीचं ऐकलं. पुढच्या हंगामातल्या तिच्या आठ पाण्याच्या पाळ्यांमधल्या दोन कापल्या. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नव्हती. भिंतीपलीकडून भांडी घासल्याचा आवाज यायचा, तेवढीच काय ती खबरबात.

तर यंदाची गोष्ट. सोमवारी मोजलं, एकोणतीस. फळ्यावर लिहिलं, खाली रेघ मारली. शुक्रवारी लावणी करायची ठरली. माझी टोमॅटोची रोपं तर आख्ख्या वस्तीत पहिल्या नंबरची होती, वीतभर उंच, जाड देठाची. येणाऱ्या प्रत्येकाला मी ती दाखवायचे, त्याला बघायची असोत वा नसोत.

मंगळवारी दोरीवरची तीस फुटांची चिंधी उसवलेली दिसली. शिवून घ्यायला शिंप्याकडे गेले. शिंप्याचं दुकान म्हणजे एक मशीन, एक टेबल आणि पाठीमागे त्याचं बिघाभर शेत. टेबलाच्या कडेला खुणा कोरलेल्या आहेत, बरोबर तीन फुटांच्या. त्याने सवयीने दोरी टेबलावर ताणून धरली आणि थांबला. चष्मा वर केला, खाली केला.

"वहिनी, तुमचे तीन फूट माझ्या टेबलाबाहेर लोंबतायत."

"टेबल तपासा."

"टेबल लाकडाचं आहे, वहिनी. ते कुठे वाढणार?"

त्याने दुसरे तीन फूट लावले, तिसरे लावले. प्रत्येक वेळी चार बोटं जास्त. त्याने विचारलं, दोरी ठेवता कुठे. मी सांगितलं, टांगून, खाली जात्याची तळी. शिंप्याने नुसती गळ्यातली टेप काढून माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "ही मी दर वर्षी बदलतो. दिवसभर माझ्या गळ्यात लोंबते तेवढ्यानेही ताणते. आणि तुम्ही ओल्या नायलॉनला जातं बांधलंत."

कपाळ माझं. दोरी ताणली की खुणा लांब लांब जातात. मग एकतीस फुटांवरचं पाणीही तिला एकोणतीसवरच दिसणार. म्हणजे विहिरीत नसलेलं पाणी मी फळ्यावर लिहीत होते, सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून. अध्यक्षांच्या "असेल अठ्ठावीस" मध्ये निदान "असेल" तरी होतं. आणि मागच्या वर्षी पाणी कोणी चोरलंच नव्हतं. चोरायला ते होतंच कुठे?

"मी कपडे शिवतो तसं तोंडही शिवतो," शिंपी चिंधी शिवता शिवता म्हणाला. "माझीही रोपं तयार आहेत, वहिनी. तुम्ही म्हणाल तसं."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो आधी पोटभर हसला, नडगी चोळत. मग गंभीर झाला. "या वर्षी गप्प बस. पुढच्या वर्षी गुपचूप नवी दोरी आण. तुझी रोपं बघ, माझी अब्रू बघ."

खरं सांगू, मला ते पटलं. दिवसभर नाही, पण एक जेवण होईपर्यंत पूर्ण पटलं होतं. मग मी भांडी घेऊन मागे गेले आणि बांधापलीकडे जाऊ दिसली. गुडघ्यांवर बसून गवत अंथरत होती. कापलेल्या पाळ्यांचं तिने कधी नावही काढलं नव्हतं. ती आत गेल्यावर मी चोरासारखी बांध ओलांडला, गवत बाजूला केलं आणि बोट मातीत घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत ओलं. माझ्या बाजूला येऊन तसंच बोट घातलं तर नख दुखलं. एवढं करायला मला वर्ष लागलं. बोट काय, माझ्याच हाताला होतं.

बुधवारी पंपाच्या खोलीपुढे बैठक होती, लावणीची. अध्यक्ष बकरी बांधत होते. मी दोरी सगळ्यांच्या मधे टाकली आणि म्हणाले, "ही दोरी खोटी आहे. मी ती टांगून ताणली. पाणी एकोणतीसवर नाही."

शिंप्याने उसासा टाकला आणि आपली टेप काढली. नव्या सुती दोरीला त्याने फुटाफुटावर गाठी मारल्या, टोकाला माझ्या दोरीचं कुलूप बांधलं आणि पाणी मोजलं. सगळे काठावर वाकले होते. एकतीस आणि वर थोडं.

मग जे झालं ते सांगायला नको. कोणी म्हणालं टोमॅटो तरी लावायचेच, कोणी म्हणालं हिला विहिरीत सोडा, मग बरोबर कळेल किती फूट. अध्यक्ष म्हणाले, "मी आपला डोळ्यांनी बघायचो तेच बरं होतं," आणि यावर मला तोंड उघडता आलं नाही, ही खरी शिक्षा. शेवटी नियम तो नियम ठरला. ज्वारी आणि चारा. तेवढ्यात एकाने विचारलं, "मग गेल्या वर्षी पाणी कोणी चोरलं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. मागच्या बाजूला जाऊ उभी होती, पदराने घाम पुसत.

"कोणी नाही," मी म्हणाले. "आरोप माझा होता. खोटा होता. हिच्या दोन पाळ्या माझ्या पाळ्यांतून द्या."

ती वळून घरी गेली. मला वाटलं होतं ती निदान चार शिव्या देईल. शिव्या बऱ्या असतात, त्यांना उत्तर तरी देता येतं. त्या संध्याकाळी मी रोपं उपटली. अध्यक्षांच्या बकऱ्यांपुढे टाकली तर त्यांनीही हुंगून तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. जाऊ. आत आली, दाराआडच्या तळीकडे बघितलं. दोरीशिवाय ती जमिनीवर पडली होती, नवरा तरीही तिच्यावर आपटलाच होता.

"ही द्या," ती म्हणाली. "वाऱ्याने कोपऱ्यातलं गवत उडतं. वर ठेवायला जड काहीतरी हवंय."

एकटीला ती तेवढ्या लांब नेणं शक्य नव्हतं. दोन्हीकडून धरून आम्ही ती नेली, बांध ओलांडताना तीनदा खाली ठेवली. तिच्या शेताच्या कोपऱ्यात ती टेकवली आणि मला राहवलं नाही.

"चुकले गं मी. पण तू तेव्हा भांडली का नाहीस? एकदाच बोललीस आणि गप्प बसलीस. मी असते तर गाव डोक्यावर घेतलं असतं."

ती तळी गवतावर नीट सरकवत होती. वर न बघता म्हणाली, "तुमच्या हातात दोरी होती, जाऊबाई. माझ्या हातात नुसतं गवत."

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत. ती तेवढ्यात उठली, हात झटकले आणि गवताचा एक भारा पायाने माझ्याकडे ढकलला.

"तुमच्या बाजूच्या ज्वारीला एवढा पुरेल," ती म्हणाली. "पातळ अंथरू नका. तुम्हाला मापाचं काही कळत नाही."