मुदत माहीत असलेला माणूस

कार्लटन दारात उभा होता, हातात घरी केलेल्या आल्याच्या बिअरची बाटली. डेल्रीनने बाटली घेतली नाही, आत ये असंही म्हटलं नाही.

"सुनावणीत मी तुझ्या बाजूनं बोलतो," तो म्हणाला.

"कुणी पाठवलं तुला?"

वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका बिस्किट कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर डेल्रीन बरेलचं निम्मं आयुष्य गेलं होतं. मुकादमाची जागा निघाली तेव्हा सगळ्यांनी तिचंच नाव धरलं होतं. जागा मिळाली तिनेच शिकवलेल्या एका गोऱ्या पोरीला. का, असं विचारल्यावर मॅनेजर हसत म्हणाला, "तुम्ही जमैकन बायका फार मोठ्यानं बोलता. माणसं बिचकतात."

तिने कंपनीकडे तक्रार केली. कर्मचारी विभागाच्या हेलनबाई दर वेळी गोड बोलायच्या: चौकशी चालू आहे, जरा धीर धरा. कार्लटन युनियनचा प्रतिनिधी, शिवाय तिच्याच चर्चमधला. तोही तेच म्हणायचा. ती थांबली. चौकशीतून काहीच निघालं नाही, आणि सल्ला केंद्रातल्या वकीलबाईंनी सांगितलं की ट्रिब्युनलकडे, म्हणजे कामगार न्यायालयाकडे, जायची तीन महिन्यांची मुदत केव्हाच टळून गेली. अर्ज उशिरा गेला. आता उशीर माफ करायचा की अर्ज फेटाळायचा, हे न्यायाधीशबाई ठरवणार होत्या.

तेव्हापासून डेल्रीनला जो तो संशयास्पद वाटू लागला. हेलनबाई कॅन्टीनमध्ये कार्लटनशेजारी बसून काय कुजबुजत होत्या? त्याला एकाएकी दिवसपाळी कशी मिळाली? रविवारी चर्चमध्ये तो तिच्या रांगेत का बसत नाही?

"कुणी नाही पाठवलं," कार्लटन म्हणाला. "बोलवायचं तर बोलव."

वकीलबाईंना तिने स्पष्टच सांगितलं, "तो आपल्याला बुडवायलाच येतोय."

"तसंही असेल," त्या म्हणाल्या. "पण आपल्याकडे दुसरा साक्षीदार कोण आहे?"

सुनावणीच्या दिवशी कंपनीचा वकील मुद्द्यावरच आला. "श्रीमती बरेल, तुमच्याबरोबर युनियनचा माणूस होता. मग मुदत माहीत नव्हती, हे आम्ही कसं मानायचं?"

"मला कुणी सांगितलंच नाही!" डेल्रीनचा आवाज चढला. लगेच मॅनेजरचं बोलणं आठवलं आणि तिने ओठ मिटले.

मग साक्ष द्यायला कार्लटन उठला. त्याच्याकडे बघायचं तिने टाळलं.

"मला मुदत माहीत होती," तो म्हणाला. "हेलनबाई म्हणाल्या, बाहेर ट्रिब्युनलकडे गेलात तर चौकशी बंद करू. आणि डेल्रीनला घाई करायला लावू नकोस, तुझ्या दिवसपाळीचं बघते. म्हणून मी तिला मुदतीचं बोललोच नाही."

कंपनीच्या बाजूला बसलेल्या हेलनबाईंनी पेल्यातलं पाणी एका दमात संपवलं. वकिलाने पुन्हा पुन्हा खोदून विचारलं, पण कार्लटन शब्दाला चिकटून राहिला.

दुपारी न्यायाधीशबाईंनी निकाल दिला: या बाईला थांबवून ठेवलं गेलं, उशिराचा दोष तिचा नाही, मुदत वाढवणं न्याय्य आहे. खटला शरद ऋतूत चालेल. वकीलबाईंनी तिचा खांदा दाबला. डेल्रीनला हसूही येईना, रडूही. जिंकली ती ज्याच्यामुळे, बुडत होती तीही त्याच्याचमुळे. तिचा संशय खरा निघाला होता आणि त्याचं तिला जराही समाधान वाटत नव्हतं.

बाहेर कार्लटन गाडीपाशी उभा होता. "चल, घरी सोडतो."

"दिवसपाळी गेली म्हणायची तुझी."

"नोकरीसुद्धा जाईल बहुतेक."

ती मागचं दार उघडून आत बसली. तो पुढे बसून किल्ली लावू लागला.

"गाडी नंतर चालू कर," ती म्हणाली. "आधी सांग, आणखी काय काय लपवलंयस माझ्यापासून?"

कार्लटनने किल्ली काढून मांडीवर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली.