धाकटीचा पाय

धाकटीचा पाय हलायला लागला की थोरलीच्या डोक्यात तिडीक जायची. दोघी सख्ख्या जावा. घर एक, स्वयंपाकघर एक, आणि नशिबाने नोकरीही एकाच खोलीत: औषधांच्या कारखान्यात, इंजेक्शनच्या कुप्या तपासायच्या.

काम दिसायला सोपं. समोर दिवा, दिव्याखाली अर्धी काळी, अर्धी पांढरी पाटी. कुपीची मान चिमटीत धरायची, मनगट हलकेच घुमवायचं आणि थांबवायचं. हात थांबला तरी आतलं औषध फिरत राहतं. त्या फिरण्यातच एखादा काचेचा कण, एखादा धागा चमकून जातो. औषध स्थिर झालं की कण तळाशी दडतो, मग डोळे फाडून बघितलं तरी दिसत नाही. आणि जोरात घुमवलं तर बुडबुडे होतात, तेही कणासारखेच चमकतात. सगळी कला मनगटात.

धाकटी मात्र मनगटाबरोबर पायही हलवायची. टाच वर, गुडघा खालीवर, दिवसभर.

"अगं, शिलाई मशीन चालवतेस का? बसव तो पाय!"

"पाय थांबला की माझं लक्ष उडतं, ताई. डोळे कुपीवर असतात आणि मी घरी पोचलेली असते."

"पोचतेसच तर भाजी तरी चिरून ठेवत जा."

वर्षातून एकदा तपासनिसांची परीक्षा व्हायची. चांगल्या कुप्यांत मुद्दाम खराब कुप्या मिसळून ट्रे समोर ठेवायचे. नापास झालं की रवानगी पॅकिंगला: पुठ्ठ्याची धूळ आणि आठवड्याला बदलणारी पाळी. थोरलीने या दिव्याखाली उमेदीची वर्षं घातली होती. ही जागा ती सुखासुखी सोडणार नव्हती. परीक्षा जवळ आली तशी ती सुपरवायझरकडे गेली.

"तिच्या पायापायी माझं लक्ष लागत नाही. मी नापास झाले तर तुमच्या नावाने बोंब मारीन."

सुपरवायझरला बोंब नको होती. त्याने फर्मान काढलं: परीक्षेत दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, हलता कामा नयेत.

"तुम्ही सांगितलंत ना?" धाकटीने विचारलं.

"सांगितलं. आणि परत सांगीन."

परीक्षेच्या दिवशी धाकटी खांबासारखी बसली. खोलीत अशी शांतता की थोरलीला गुदगुल्या झाल्या. तिने पहिली कुपी उचलली, घुमवली. हात थांबवला, पण जरा उशिराच. दुसरी जास्तच जोरात फिरली. दिव्याखाली ठिपकेच ठिपके चमकले. तिने ती नापासात टाकली. पुढचीही. त्याच्या पुढचीही.

निकाल लागला. धाकटीने खराब कुप्या डोळ्यांदेखत सोडून दिल्या होत्या. थोरलीने चांगल्या कुप्यांचा ढीग नापासात घातला होता.

"ताई, हे नुसते बुडबुडे आहेत," सुपरवायझर म्हणाला. "नवशिक्यांनी करायच्या चुका तुम्ही करताय? परवा शेवटची संधी. नाहीतर दोघी पॅकिंगला."

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात थोरलीने काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, चिमूटभर रवा टाकला आणि पेला घुमवत राहिली. पाणी कधी हिंदकळायचं, कधी जेमतेम हलायचं. काही केल्या जमेना. वैतागून तिने डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांपुढे आला तो धाकटीचा पाय. टाच वर, टाच खाली. मनगट आपोआप फिरलं, थांबलं. डोळे उघडले तर रव्याचे कण संथ गोल फिरत होते. बुडबुडा एकही नाही.

तिच्या अंगाची लाहीलाही झाली. इतकी वर्षं आपण हिच्या तालावर काम करत होतो! या भवानीच्या!

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने सुपरवायझरला गाठलं. "तो पायांचा नियम काढून टाका."

"अहो, तुम्हीच तर..."

"मीच. काढा."

फेरपरीक्षेला धाकटीचा पाय हलला. थोरलीने कुपी उचलली आणि तिच्या लक्षात आलं, पाय वेडावाकडा हलतोय. दोनदा भराभर, मग थांबा, मग एक झटका.

"नीट हलव," ती दातओठ खात म्हणाली.

"नीट म्हणजे? पाय माझा आहे." धाकटीने नजर कुपीवरून काढली नाही. "परवा पेला घुमवताना ओठ हलत होते तुमचे. टाच वर, टाच खाली. मी दारातच होते. मला काय, कसाही हलला तरी चालतो."

थोरलीने रागाच्या भरात कुपी घुमवली. आत बुडबुडे उठले. आज ही नापासात टाकली की संपलंच. तिने कुपी खाली ठेवली, स्टूल मागे ढकललं आणि उभी राहिली.

"बसून करायचं असतं, ताई," सुपरवायझर म्हणाला.

"कुठल्या नियमात?"

त्याला नियम आठवेना. थोरलीने भार डाव्या पायावर घेतला, मनगट फिरलं. उजव्यावर घेतला, हात थांबला. औषध गोल फिरत राहिलं आणि काळ्या पाटीसमोर एक पांढरा कण तळाकडे उतरत गेला. कुपी नापास. डावा, उजवा. पुढची पास.

"आधी पाय, आता अख्खी बाई हलतेय," सुपरवायझर पुटपुटला.

दोघी पास झाल्या. दुसऱ्या दिवशी थोरली उभ्यानेच कामाला लागली. दुपारपर्यंत तिची कंबर मोडून आली होती.

"रोज जमणार आहे का हे?" धाकटीने विचारलं.

"तुझ्या पायाच्या आशेवर बसण्यापेक्षा बरं."

"तुमची सावली पडतेय माझ्या पाटीवर."

"पडू दे," थोरली म्हणाली आणि तिने पुढची कुपी उचलली.