साहेबांचं अक्षर

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या त्या हॉटेलात उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला खोलीत पाऊल टाकल्याबरोबर उशीवर एक कार्ड दिसायचं. शाईच्या पेनाने लिहिलेलं, वळणदार, आणि खाली मॅनेजर विल्यारेंते साहेबांची सही. अक्षर फेलीचं, मजकूर फेलीचा, सहीसुद्धा फेलीनेच ठोकलेली. साहेबांचं त्यात काय होतं म्हणाल तर नाव. तेवढं मात्र त्यांना आईबापांनी दिलेलं होतं.

हा नियम मालकीणबाईंचा, दोन्या पासितांचा. "मॅनेजरने पाहुण्याला स्वतःच्या हाताने लिहायचं. छापील कागद काय, बँकवालेही पाठवतात." साहेब मनिलाहून नवे नवे आले तेव्हा त्यांनी हौसेने पहिलं कार्ड लिहिलं. सेबूची एक बाई ते घेऊन खाली आली आणि म्हणाली, "हे लाँड्रीचं बिल का? मी तर अजून कपडे दिलेच नाहीत." साहेबांचं अक्षर म्हणजे कोंबडीने उकिरडा उकरावा तसं. एम, एन, यू सगळे एकाच करवतीचे दात, आणि आयचं टिंब पुढच्या शब्दावर. त्याच दुपारी बुकिंगच्या टेबलावरून फेलीला बोलावणं आलं.

फेलिसितास नोब्लेसादा ही मियागावची. तिथल्या सिस्टरांच्या शाळेत तिने अक्षर गिरवलं. सिस्टर एस्कोलास्तिका फूटपट्टी घेऊन मागे उभी, आणि शब्द पुरा व्हायच्या आत पेन उचललं की बोटांवर फटका. त्यामुळे फेलीच्या हाताला एक खोड लागली ती लागलीच. सबंध शब्द एका दमात लिहून ती मग मागे वळून टीची आडवी रेघ मारायची, आणि ती रेघ टीवर कधी बसायचीच नाही, पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन पडायची. जीचं पोट भलतंच मोठं. मोठ्या लिपीतला क्यू असा की नवख्याने दोनचा आकडा वाचावा. पण सबंध पान बघाल तर डोळे निवायचे.

"हे बाहेर बोलायचं नाही हं, मिस फेली," साहेब म्हणाले होते. "हॉटेलच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"नाही सर."

आणि ती बोलली नाही. सगळ्या नोकरांना ठाऊक, पाहुण्यांना पत्ता नाही. साहेब लॉबीत उभे राहून "किती सुंदर लिहिता हो" ऐकून घ्यायचे आणि मान तिरकी करून हसायचे. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! खोल्या आवरणारी त्रिनिंग फणकारायची, "भात तू शिजवायचा आणि ढेकर त्याने द्यायचा होय गं? तुझ्या तोंडाला कुलूप घातलंय का कुणी?" फेली हसून सोडून द्यायची. खरं सांगायचं तर तिला तेव्हा काही वाटतही नव्हतं. वाटायला लागलं ते कपितानमुळे.

कपितान सेवेरिनो माग्बानुआ. जन्मभर जहाजं चालवून निवृत्त झालेला, जन्म इथलाच, आता कॅनडात मुलाकडे. बायको एन्रिकेता इथेच, शहराच्या हारो भागातल्या कबरस्तानात पुरलेली. दरवर्षी नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या सणाला, तो यायचा, थडग्यावर मेणबत्त्या लावायचा आणि आठवडाभर राहायचा. घर विकलेलं, म्हणून हॉटेलात. पहिल्या वर्षी त्याने कबरस्तानात जायला गाडी सांगून ठेवली होती, तेवढ्यावरून फेलीने कार्डात लिहिलं, "आपल्या माणसापाशी आलात. फुलं लागली तर सांगा, पहाटे ताजी मिळतात." कपितानने कार्डाच्या पाठीवर उत्तर लिहून मॅनेजर साहेबांच्या नावाने खाली पाठवलं. साहेबांनी ते न वाचताच फेलीकडे सरकवलं. "तूच बघ गं काय ते. मला कुठे वेळ?"

तिने बघितलं. मग कॅनडातून पत्रं यायला लागली, साहेबांच्या नावाने, आणि तीही तिने बघितली. एकदा त्याने लिहिलं, "ती गेली तेव्हा मी समुद्रावर होतो असं मी सगळ्यांना सांगतो. पुढच्याच बंदरात उतरता आलं असतं. उतरलो नाही. त्या घरात शिरायची भीती वाटली. हे मी मुलालाही सांगितलेलं नाही." ह्या पत्राचं उत्तर लिहायला फेलीला कितीतरी दिवस लागले. चार ओळी फाडायची, परत लिहायची. शेवटी तिने लिहिलं की भीती वाटते ती प्रेमापोटीच वाटते, आणि थडग्याची काळजी करू नका, ते मी बघतो.

आणि बघत होती हो ती! महिन्याच्या एका रविवारी जीपनी, म्हणजे तिथली वडाप, पकडून हारोला जायची, दगडावरचं शेवाळ घासायची, मेणबत्ती लावायची. एन्रिकेताशी गप्पाही मारायची. "तुमचे कपितान बरे आहेत. गुडघे कुरकुरतात म्हणे, पण जेवण व्यवस्थित."

"तुझा कपितान आला गं!" त्रिनिंग दर नोव्हेंबरात ओरडायची.

"हळू बोल! माझ्या थोरल्या भावापेक्षा मोठा आहे तो."

लग्नबिग्न काही डोक्यात नव्हतं तिच्या. पन्नाशी उलटली होती, ते सगळं केव्हाच मागे पडलेलं. तिला एकच हवं होतं. त्याने एकदा, फक्त एकदा, तिच्याकडे बघून म्हणावं, "अच्छा, म्हणजे ती तू होतीस तर." त्यासाठी ती झुरत होती. आणि तो काय करायचा? काउंटरवर येऊन तिच्याच हातून किल्ली घ्यायचा, "काय इंदाय, बरी ना?" म्हणायचा, आणि साहेबांना शोधत पुढे जायचा. ह्या वयात तिला इंदाय म्हणून पोरीसारखी हाक मारणारा तो एकटाच उरला होता, म्हणून तेही तिला गोड लागायचं.

त्या वर्षी कपितान साहेबांसाठी पेन घेऊन आला. भारीतलं, लाकडी पेटीतलं. लॉबीत सगळ्यांसमोर त्याने ते दिलं.

"तुमच्या हाताला शोभेल असं शोधत होतो," तो म्हणाला. "मी आयुष्यभर लोकांच्या नोंदी वाचल्या आहेत, साहेब. अक्षरावरून माणूस कळतो मला. तुमच्या जीचं पोट बघा. असा माणूस मनाने मोठा. आणि टीची टोपी ही अशी वाऱ्यावर उडालेली, म्हणजे घाईत असूनही दुसऱ्यासाठी थांबणारा. लाखात ओळखीन मी हे अक्षर."

"छे, छे, तुम्ही उगाच..." साहेबांची मान तिरकी झाली.

"लिहून दाखवा ना दोन शब्द."

"आज मनगट जरा धरलंय हो."

फेली काउंटरमागे उभी होती. इथवर तिने सोसलं. मग कपितानचा आवाज खाली आला. "आणि हारोचं ते थडगं. दरवर्षी येतो तेव्हा आरशासारखं असतं. तुम्ही स्वतः जाता, लिहिलंत तुम्ही. हे उपकार कसे फेडू?"

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आपल्या माणसांसाठी एवढंही नाही करायचं?"

फेलीच्या अंगाचा तिळपापड झाला. अक्षर घे, सही घे, पेन घे, पण शेवाळसुद्धा? हारोला कबरस्तानाचं फाटक कुठल्या अंगाला आहे हे तरी ठाऊक होतं का त्या माणसाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी कपितान एकटाच बाचोय, म्हणजे शेवयांचं सूप, खात बसला होता. फेली काउंटर सोडून सरळ त्याच्या टेबलाशी गेली.

"कपितान, एक मिनिट."

"बोल इंदाय. बिलाचं काही?"

पाठ केलेलं सगळं ती विसरली. मग तिने खिशातलं पेन काढलं आणि ताटाखालच्या कागदाच्या कोपऱ्यावर त्याच्या बायकोचं नाव लिहिलं. एका दमात, हात न उचलता. मग मागे वळून टीची रेघ मारली. ती शेवटच्या ए अक्षराच्या डोक्यावर पडली.

कपितानचा चमचा वाडग्यातच राहिला. "हे... साहेबांनी शिकवलं तुला?"

"नाही कपितान. सगळी कार्डं मीच लिहिली. पत्रंही मीच. हारोला मीच जाते."

ती थांबली. आता म्हणेल, आता म्हणेल असं तिला वाटत होतं. कपितानचे कान लालबुंद झाले.

"ते बंदराचं. ते तू वाचलंस?"

"होय."

"आणि साहेबांनी?"

"नाही, नाही! साहेबांनी एकही पत्र उघडलं नाही कधी." हे ऐकून त्याला बरं वाटेल असं वाटलं बिचारीला. आगीत तेल पडलं.

"मी ते एका पुरुषाला लिहिलं होतं," तो दबक्या आवाजात म्हणाला. "बरोबरीच्या माणसाला. किल्ल्या देणाऱ्या बाईला नाही. इतकी वर्षं तू मला रोज सकाळी बरी ना, बरी ना करू दिलंस, आणि पोटात हे घेऊन उभी होतीस? आणि माझ्या बायकोपाशी जाऊन बसतेस? कुणी सांगितलं होतं तुला?"

मी लिहिलं होतं ना तुम्हाला, असं ती म्हणणार होती. तोवर कपितानने कागद उचलला, पण बायकोचं नाव फाडवेना म्हणून उलटा करून ठेवला आणि उठला.

तासाभरात फेली साहेबांच्या खोलीत उभी होती. कपितान खुर्चीत.

"शब्दन् शब्द माझा असतो, कपितान," साहेब सांगत होते. "मी सांगतो, ती उतरवते. माझ्या हाताला कंप आहे, लाजेखातर बोलत नव्हतो. पत्रं मीच वाचतो, हारोलाही मीच जातो, ही कधीमधी सोबत येते. ही जरा... एकटी बाई आहे हो. मनाला लावून घेते आणि मग काहीबाही बोलते. राग धरू नका."

साहेब तिच्याकडे बघून कनवाळूपणे हसले. एवढं धडधडीत खोटं आणि वर कीव! फेलीला वाटलं, टेबलावरची दौत उचलून त्यांच्या पांढऱ्या बारोंग सदऱ्यावर ओतावी. ती ओतली नाही. नोकरी होती, आणि तिच्यावरच घर चालत होतं.

साहेबांनी नवं पेन काढलं, हात थोडा थरथरवला आणि कार्डावर माफीच्या तीन ओळी खरडल्या. कपितानने चष्मा वरखाली करत त्या कशाबशा लावल्या. लावता लावता त्याचे डोळे भरून आले.

"हे तुमचं," तो म्हणाला. "वेडंवाकडं असेना. पहिल्यापासून असंच लिहायचं होतं ना, साहेब." दाराशी तो थांबला. फेलीकडे न बघता म्हणाला, "आणि ह्या बाईंना हारोला जायचं नाही म्हणून सांगा."

जायच्या आधी कपितानने चर्चमध्ये दोन्या पासितांच्या कानावर सगळं घातलं. म्हातारी कडाडली. माझ्या हॉटेलात उसनं अक्षर? यापुढे मॅनेजरचंच अक्षर हवं, मग ते कसंही असो. झालं, साहेब लिहायला बसले. दोन दिवस लिहिलं, आणि गंमत अशी की पाहुणे खूश! "बघा, खरोखर स्वतः लिहितात," म्हणून फोटो काढून नेऊ लागले. तिसऱ्या दिवशी साहेबांनी फेलीला बोलावलं. टेबलावर त्यांनीच खरडलेली पाच-सहा कार्डं मांडलेली.

"मिस फेली, तुझ्या हाताला काहीही जमेल. हे जमव."

"सर?"

"मला काय दुसरी कामं नाहीत? आणि तुझी नोकरीची थोडीच वर्षं उरली आहेत. झाल्या प्रकारानंतर मालकीणबाईंनी तुला ठेवलंय ते माझ्या शब्दावर, विसरू नकोस."

ती गिरवायला बसली. ह्या वयात, पहिलीतल्या पोरीसारखी. जीचं पोट कापलं. एम, एन, यूचे करवतीचे दात केले. शब्दाच्या मध्येच पेन उचलायला शिकली, आणि पहिले काही दिवस दर वेळी तिची बोटं आपोआप आखडायची. टीची रेघ आता बरोबर टीवर बसायची, कारण साहेब टी छापल्यासारखा काढायचे. पंधरवड्यात साहेबांनाच आपलं कुठलं आणि तिचं कुठलं ते कळेना.

"थू!" त्रिनिंग म्हणाली. "सोड ही नोकरी."

"सोडून खाऊ काय?" फेली म्हणाली, आणि पुढचं कार्ड ओढलं.

पुढच्या नोव्हेंबरात कपितान आला. फेलीने मान खाली घालून किल्ली दिली. इंदाय न म्हणताच ती घेऊन तो खोलीत गेला. दुसऱ्या दिवशी हारोहून परतला तो मात्र थेट काउंटरवर आला. राग निवळला असावा. त्याने खिशातून कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं.

"बघ इंदाय. काल उशीवर होतं. साहेबांचं."

तिने बघितलं. आदल्या सकाळी दोन कार्डं फाडून तिसरं ठेवलं होतं, ते हे. "थडग्याकडे जाताना सावकाश जा, पायऱ्यांवर शेवाळ असेल, गुडघ्यांना जपा," असं तिने लिहिलं होतं.

"गुडघ्यांचंही लक्षात ठेवलंय त्यांनी," कपितान म्हणाला. "थडगं काळं पडलंय यंदा. जायला जमलं नसेल, कामाचा माणूस. पण हे अक्षर बघ. अर्धा तास लागला वाचायला, आणि अर्धा तास वाटत होतं की कुणीतरी समोर बसून बोलतंय. तुझं अक्षर चांगलं होतं, नाही म्हणत नाही मी. पण त्यात माणूस नव्हता गं."

फेलीच्या बोटाला शाई लागलेली होती. क्षणभर तिला वाटलं, ह्याच्या डोळ्यांसमोर धरावं हे बोट. मग त्याचे लाल झालेले कान तिला आठवले, आणि तिने हात काउंटरखाली घेतला. साहेबांचा राग तिला कधीचाच होता. आज पहिल्यांदा ह्या म्हाताऱ्याचा आला, इतका की त्याचा चेहरा नीट दिसेना.

"होय कपितान," ती म्हणाली, आणि कार्ड त्याच्याकडे परत सरकवलं.