फुंकरबाबांचा दुसरा फोटो

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या सकाळी मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. कुणाचा हात गळ्यात बांधलेला, कुणाचा पाय शेजाऱ्याच्या मांडीवर. समोर मंचावर फुंकरबाबा. मोडलेल्या हाडावर बाबा फुंकर घालायचे आणि हाड सांधायचं, तेही फुकट. मंचाखाली एक पेटी होती, ती म्हणे फक्त श्रद्धेसाठी. श्रद्धा मात्र नोटांचीच चालायची, चिल्लर नव्हे.

तिसऱ्या रांगेत शिवणकाम करणारी एक बाई आपलं उजवं मनगट मांडीवर जपून बसली होती. आपल्या शिवणाच्या दुकानाच्या ओल्या पायरीवरून घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. उजवा हात गेला तर कात्री गेली, आणि कात्री गेली तर घर.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सरळ सांगितलं होतं. "हाड सरकलंय. नुसतं ओढून प्लास्टर घालणं सगळ्यात स्वस्त, पण तुमचं पुन्हा घसरेल. हाडात तारा घालायच्या तर दुकानाच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढा खर्च. धातूची पट्टी आणि स्क्रू घातले तर वर्षाच्या भाड्याएवढा. तुम्हाला तारा पुरतील. पण लवकर या. हाड वाकडं जुळायला लागलं की तारांनी भागणार नाही."

इतकं स्वच्छ सांगूनही बाईची झोप उडाली. स्वस्त म्हणजे कामचलाऊ, महाग म्हणजे लुबाडणूक, असं तिला एकाच वेळी वाटत राहिलं. घाबरलेल्या माणसाला हिशेब कुठे सुचतो? तेवढ्यात नणंद आली.

"वहिनी, चिरफाड कशाला? बाबा फुंकर घालतात, विषय संपला!"

नणंद मनाने वाईट नव्हती. फक्त तिची उडी आधी पडायची आणि विचार मागून लंगडत यायचा.

बाईचा नंबर आला. आतल्या खोलीत बाबांच्या माणसाने एक्स-रे काढला. "दोन्ही हात ठेवा, ताई. बाबांना तुलना लागते." मग तिला मंचावर नेलं.

"बेटी, हे हाड मोडलेलं नाही, रुसलंय!" बाबा गरजले. "डॉक्टर रुसलेल्याला खिळे मारतात, मी समजूत घालतो! जिथे विज्ञान दमतं, तिथे माझं फुप्फुस सुरू होतं!"

त्यांनी आपली रुंद बाही तिच्या मनगटावर पसरली आणि फुंकर घातली. बर्फासारखा गारवा आला आणि ठणका थांबला. पुन्हा फोटो काढला. उजेडाच्या काचेवर दोन फोटो शेजारी लागले, पहिल्यात मनगट वाकडं, दुसऱ्यात सरळसोट. टाळ्यांनी हॉल दणाणला. बाई हुंदके देऊन रडली.

संध्याकाळी ठणका परत आला. "हाड जुळताना बोलतं," बाबांचा माणूस म्हणाला. ती आठवडाभर ते बोलणं सोसत राहिली. मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. एका सकाळी उजव्या हाताच्या चिमटीतून टाचणी गळून पडली आणि ती पडलेली तिला कळलीसुद्धा नाही. बाबांचे दोन्ही फोटो घेऊन ती नणंदेसोबत हॉस्पिटलात धावली.

डॉक्टरीणबाईंनी नवा एक्स-रे काढला. हाड होतं तसंच वाकडं होतं. मग त्यांनी बाबांचा दुसरा फोटो उजेडासमोर धरला.

"या हातात सुईचं टोक कधी मोडलं?"

तर्जनीत एक बारीक पांढरी रेघ दिसत होती.

"ते डाव्या हातात आहे. लग्नाआधी मशीनची सुई बोटात घुसली होती. काढायचं राहूनच गेलं."

"मग ते उजव्या हातात चालत आलं का?"

डॉक्टरीणबाईंनी फोटो पालथा केला. डावा हात! "चांगल्या हाताचा फोटो आधीच काढून ठेवायचा आणि नंतर उलटा लावायचा. झाला चमत्कार."

"पण तो गारवा?" नणंदेने चाचरत विचारलं.

"खेळाडूला लागलं की मैदानावर फवारतात तो फवारा. घटकाभर बधिर करतो. बाही एवढी रुंद कशाला शिवतात?"

"आता तारा घालाल ना?" बाईने विचारलं.

"आता तारांनी भागणार नाही. हाड वाकडं जुळू लागलंय, नस दाबली गेलीय. उघडून पट्टीच बसवावी लागेल. उद्याच."

फुकटचा इलाज सगळ्यात महाग पडला. बाईने दुकानातलं दुसरं मशीन विकायला काढलं.

नणंद मात्र पेटली. "चला वहिनी, त्याला आत्ताच्या आत्ता विचारू!" बाई फोटो घेऊन तिच्यासोबत गेली. आतल्या खोलीच्या दाराशी एक म्हातारा ड्रायव्हर मोडका हात घेऊन उभा होता. बाबांचा माणूस म्हणाला, "दोन्ही हात ठेवा, काका."

"एकच काढा," बाई म्हणाली. "मोडलेला तेवढाच. चांगल्या हाताचा फोटो कशाला हवा?"

तिने खिडकीशी फोटो धरला, पालथा करून दाखवला, सुईचं टोक दाखवलं. रांग पुढे सरकून बघू लागली. ड्रायव्हरने चांगला हात खिशात कोंबला. "काढायचा तर एकच काढ. नाहीतर राहू दे."

मंचावरून बाबा कडाडले, "उद्या तुझा हात लाकूड होईल!" पण फोटो काही काढला नाही. "आज योग नाही," म्हणत ते मागच्या जिन्याने उतरले.

शाप ऐकून बाई रात्रभर तळमळली. लबाडी डोळ्यांनी पाहिली होती, तरी भीती जाईना. भीती काय, घरात शिरते पटकन, निघता निघत नाही. ऑपरेशननंतर तिने हाताकडे पाहिलं. हात होता, पण जाणीव नव्हती. खरोखरच लाकूड!

"लागला! शाप लागला!" ती किंचाळली.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. "अहो, हात बधिर करायचं इंजेक्शन मीच नाही का दिलं? उतरेल ते. हाडाला फुंकर ऐकू आली नाही, शाप कसा ऐकू येईल?"

दिवे लागायच्या वेळी अंगठा हलला. मग तर्जनी. नणंद पदराने डोळे पुसत ती हालचाल पुन्हा पुन्हा करायला लावत होती.

भीती वाटण्यात कमीपणा नाही. फक्त भ्यालात की प्रश्न विचारा. खर्च किती, तो का, स्वस्तातलं मला पुरेल का, आणि उशीर केला तर काय होईल? जो नीट उत्तर देईल, त्याच्या हाती आपला हात द्या. फुंकर घालणाऱ्याच्या नाही.