यादीतला बाबा

टिक्. दीप्तीच्या कानातल्याची फिरकी फरशीवर पडली. टॅब घेऊन बसलेल्या संघप्रियानं मान वर केली, घरंगळत कपाटाखाली गेलेली फिरकी पाहिली आणि पुन्हा कार्टूनमध्ये बुडाली. दीप्ती फिरकीमागं गेली नाही. तिला कानातल्याची दांडीच हवी होती. राउटरच्या पाठीमागच्या रीसेटच्या भोकात शिरेल एवढं बारीक दुसरं काही घरात सापडलं नव्हतं.

"दाबलं काय, वैनी?" स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून राजवीर ओरडला.

"थांबा की, भाऊजी."

राजवीर दीप्तीच्या नवऱ्याचा, प्रसेनजीतचा, धंद्यातला जोडीदार. दुकानांची, ऑफिसांची नेटवर्कं दोघं मिळून जोडायचे. प्रसेनजीत मलकापूरचं काम उरकून येताना गाडीच्या अपघातात गेला, त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. कबनूरच्या सुताच्या व्यापाऱ्याकडे दीप्तीला काम मिळालं तेही त्याच्या ओळखीनं. बावड्यातल्या आपल्या घरात बसून ती लॅपटॉपवर व्हीपीएन लावायची, की कबनूरच्या ऑफिसातला सर्व्हर जणू शेजारच्या खोलीतच. बिलं करायची, मधेच पोरीला भरवायची, पुन्हा बिलं.

मागच्या आठवड्यात ऑफिसात नव्या कंपनीचं नेट आलं, नवा राउटर बसला, आणि सगळं बिनसलं. व्हीपीएन लागायचं, हिरवी खूणही यायची. बिलांचं फोल्डर मात्र उघडायचं नाही. मालक अमरसिंह काल म्हणाले होते, "ताई, माल गाडीत भरून उभा हाय. उद्यापातूर जमलं न्हाय तर हितं येऊन बसाय लागंल, न्हायतर मला दुसरं कोणतर बघाय लागंल." आवाज न चढवता म्हणाले होते, म्हणूनच ते खरं वाटलं. रोज कबनूरला जायचं तर पोरीला ठेवायचं कुणाजवळ?

सकाळी राजवीर स्वतः त्या ऑफिसात जाऊन बसला आणि दुखणं सापडलं.

"तुमच्या घरच्या नेटवर्कचा नंबर आणि हितला नंबर एकच झालाय, वैनी. लॅपटॉपला वाटतंय सर्व्हर घरातच हाय. मग त्यो बाहेर पडंल कशाला? घरातच हुडकत बसतोय."

"मग तिकडचा बदला की."

"हितं प्रिंटर, कॅमेरे, समदं त्याच नंबरवर अडकलंय. प्रसेनदानं ऑफिसला मुद्दाम येगळा नंबर दिलता, ह्या नव्या राउटरवाल्यानं तो पुसला. तुमचा बदलणं सोपं."

सोपं होतं, पण राउटरच्या आत जायचा पासवर्ड प्रसेनजीतनं आपल्या डोक्यात ठेवला होता. दीप्तीनं सुचेल ते टाकून पाहिलं. आता सगळं पुसून पहिल्यापासून मांडण्यावाचून इलाज नव्हता.

आणि त्यात नावही पुसलं जाणार होतं.

घरच्या वायफायचं नाव प्रसेनजीतनं 'बाबा' ठेवलं होतं. "मी कामावर असलो तरी बाबा घरात हाय म्हणायचं," म्हणून हसला होता. संघप्रियानं आयुष्यात वाचलेला पहिला शब्द तोच, टॅबवरच्या यादीतला. नेट गेलं की ती म्हणायची, बाबा गेला. चित्र अडखळलं की, बाबा दमला. आणि लागलं की टाळ्या पिटत, बाबा आला! प्रसेनजीत गेल्यावरही दीप्तीनं तिला कधी अडवलं नाही. या घरात 'बाबा आला' म्हणायची तेवढीच एक जागा उरली होती.

"वैनी?"

तिनं दांडी भोकात घातली आणि दाबून धरली. राउटरचे सगळे दिवे एकदम विझले. संघप्रियाच्या टॅबवरचं माकड उडी मारता मारता हवेतच थांबलं.

"बाबा गेला," पोर सवयीनं म्हणाली.

दिवे लुकलुकू लागले. राजवीर सांगत गेला, दीप्ती करत गेली. घरच्या नेटवर्कच्या नंबरात एकाच्या जागी सत्तावन्न. नावाचा रकाना आला तसं राजवीरनं विचारायच्या आतच तिनं लिहिलं, बाबा. मराठीतच, त्यानं लिहिलं होतं तसं. मग पासवर्डच्या रकान्यात सुचलं ते टाकलं, सेव्ह केलं, त्याच पासवर्डनं लॅपटॉप जोडला, व्हीपीएन लावलं आणि फोल्डरवर बोट ठेवलं.

बिलं उघडली.

"आलं, भाऊजी!"

"बगा! म्हटलं नव्हतं? प्रसेनदा असता तर..." राजवीर खाकरला. "बरं, अमरदादांना सांगतो. लागा कामाला." फोन बंद झाला.

दीप्तीनं पहिलं बिल समोर घेतलं. मालाची गाडी आज सुटणार होती. पोर घरात, तीही घरात.

"आई, बाबा आला!" संघप्रिया टॅब उंच धरून नाचत आली. "यादीत आलाय बघ! ब ला काना बा..."

तिनं नावावर बोट टेकवलं. पासवर्ड मागणारी एक चौकट उघडली. पोरीनं ती बंद केली, पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा तीच चौकट.

टॅबकडे वायफायचा जुनाच पासवर्ड होता, दीप्तीच्या लक्षात आलं. तो तिला कधी ठाऊकच नव्हता. तिच्या मोबाईलवर, लॅपटॉपवर, या टॅबवर, जिथल्या तिथं त्यानंच एकदा टाकून दिला होता, आणि पुन्हा विचारायची वेळच आली नव्हती. नाव तिला परत लिहिता आलं होतं, तेवढंच. आताही दोन बोटांचं काम होतं, नवा पासवर्ड टाकला की झालं. तिनं हात पुढं केला. पण पोरीनं टॅब छातीशी धरला होता.

"दिसतोय की गं मला. मी हात लावला तरी आत घेईना झालाय." ती एक पाऊल मागं सरकली. "आई, बाबा मला विसरला व्हय?"