घड्याळ मागे

टिटवी गप्प झाली होती, आणि तेच कुणाला सोसवत नव्हतं. टिटवी म्हणजे माझी पाच वर्षांची भाची. तिला ऐकू येतं ते कानामागच्या यंत्रामुळे. ते यंत्र परवा बादलीत पडलं आणि कायमचं गेलं. नवं आणलं, पण ते कोरं. तिला कुठला आवाज किती सोसतो याची सगळी मापं तपासणी केंद्राच्या संगणकात होती, आणि नेमका तोच बंद पडलेला. मापं नव्याने घ्यायची तर पुन्हा कित्येक महिने, पुन्हा प्रत्येक आवाजाला दचकून रडणं.

"तू काहीतरी कर बाबा," ताई म्हणाली. माझं पोट संगणकावरच आहे.

ताई आणि टिटवीला घेऊन मी केंद्रात गेलो. तिथल्या मॅडमनी दुसरं मशीन लावलं होतं. जपून ठेवलेल्या प्रतीतून जुनी माहिती त्यावर आली होती, पण ती वाचणारा डेटाबेस इतका जुना, की तयार कुठेच मिळेना. मिळाला फक्त सोर्स कोड. म्हणजे सदरा नाही, कापड, शिवायचा आपणच. हे शिवण 'मेक' नावाचं अवजार करतं. कुठली फाइल नवी, कुठली जुनी ते तारखेवरून बघतं आणि त्याप्रमाणे काम उरकतं. म्हटलं, हा तर हातचा मळ!

कसला मळ? आधी मशीनची तपासणी होते, मग बांधणी, म्हणजे खरं शिवण. इथे तपासणी संपली की पुन्हा पहिल्यापासून तपासणीच. मी कंपायलर, म्हणजे शिवणारी सुईच, बदलला, सगळं पुसून पुन्हा आणलं, तरी तेच. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. टिटवी शेजारी चित्र रंगवत होती. तिला कुठे ऐकू येतंय, म्हणून मी मशीनचे सगळे पूर्वज उद्धरले.

दमून नुसता बघत बसलो, तेव्हा एक ओळ दिसली: फाइलची तारीख भविष्यातली आहे. सकाळपासून ती डोळ्यांसमोरून जात होती, पण असले इशारे वाचतो कोण? कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. साल टिटवीच्या जन्माआधीचं.

"मॅडम, हे घड्याळ कोणी मागे केलं?"

"मीच की," त्या सहज म्हणाल्या. "मापं भरायचा आमचा प्रोग्राम जुना आहे. आजची तारीख दिसली की उघडतच नाही मेला. म्हणून सकाळी आले की आधी दिवे, मग पंखा, मग घड्याळ मागे. चुकलं का हो काही?"

काखेत कळसा! मी माझ्या लॅपटॉपवरून आणलेल्या फायलींवर आजची तारीख होती, म्हणून मागे राहिलेल्या मशीनला त्या उद्याच्या वाटत होत्या. तपासणी आवरली तरी तिच्या निकालापेक्षा त्या नव्याच दिसायच्या, की मेक म्हणणार, करा पुन्हा.

घड्याळ आजवर आणलं. तपासणी संपली आणि बांधणी सुरू झाली. डेटाबेस उभा राहिला, त्यात टिटवीचं नाव सापडलं, नावापुढे सगळी मापं. मला हायसं वाटलं.

"मॅडम, आता करा घड्याळ मागे," मी म्हणालो. त्या हसल्या. त्यांनी प्रोग्राम उघडला, मापं यंत्रात भरली आणि ते टिटवीच्या कानामागे बसवलं.

ती पाठमोरी होती. मला धीर धरवेना.

"टिटवे!" मी ओरडलो.

तिने वळून कपाळाला आठ्या घातल्या.

"मामा, ओरडतोस काय? ऐकू येतंय ना मला!"

मग ती जी बोलत सुटली, ती घरी पोचेपर्यंत थांबली नाही. ताई डोळे पुसत राहिली, आणि टिटवीला गप्प बस असं कुणीही म्हटलं नाही.