मोठी अक्षरं

"बाई, दुकानाची पाटी रंगवताय का?" शेजारच्या टेबलावरून वकील म्हणाला.

तो खरा वकील नव्हता. कशावरही वाद घालायचा, म्हणून ऑफिसनं त्याला ही पदवी बहाल केली होती. बाईंनाही एक पदवी होती, दुर्बीण. लोकांच्या वेबसाइटमध्ये चोर कुठून शिरेल हे आधीच शोधून द्यायचं या ऑफिसचं काम, आणि इतरांच्या नजरेतून निसटलेली फट बाईंना हमखास सापडायची.

"डोळ्यांना बरं पडतं," असं म्हणून बाईंनी वेळ मारून नेली आणि टूलच्या सेटिंगमध्ये जाऊन संदेशांची अक्षरं आणखी मोठी केली. ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यात जे बोलणं होतं, ते हे टूल मध्येच पकडून ओळीओळीनं दाखवतं. ते वाचण्यात बाईंचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

खरं सांगायचं तर बाईंच्या नजरेच्या मधोमध एक धूसर ठिपका आला होता. चष्म्यानं भागणार नाही आणि हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नवरा रोज सकाळी डबा भरता भरता म्हणायचा, "सांगून टाक ना एकदा ऑफिसात."

"सांगते की," म्हणत बाई चपला घालायच्या. त्यांना भीती वाटत होती. नजर गेलेल्या दुर्बिणीला कोण विचारतं?

अक्षरं मोठी केली की ओळ पडद्यावर मावत नाही, मोडून खाली येते. मोडलेल्या ओळींत बाई वाट चुकायच्या. म्हणून त्यांनी ओळ मोडायची सेटिंगच बंद करून टाकली. आता ओळ सरळ उजवीकडे पडद्याबाहेर जायची, आणि बाई ती सरकवून वाचायच्या. निदान तसं त्यांनी ठरवलं होतं.

एका हॉस्पिटलची वेबसाइट सुरू व्हायची होती. बाईंनी ती डोळ्यांत तेल घालून तपासली आणि 'निर्धोक' असा शेरा मारला. एकाचं काम दुसऱ्यानं पुन्हा बघायचं अशी ऑफिसची पद्धत, त्याप्रमाणे ते वकिलाकडे गेलं.

दोन दिवसांनी वकील खुर्ची ओढत बाईंजवळ आला. आज त्याचा आवाज खाली होता.

"बाई, पेशंट स्वतःचा रिपोर्ट मागतो ना, तेव्हा साइट दुसऱ्याच पेशंटचा फोन नंबर आणि आजारही सोबत पाठवते. पानावर दिसत नाही, पण संदेशात आहे."

"कुठंय? मी पाहिलाय तो संदेश."

"ओळीच्या शेवटी. पार उजवीकडे."

बाईंना आठवलं. ती ओळ त्यांनी सरकवलीच नव्हती.

"साहेबांना बोललो नाहीये अजून," वकील म्हणाला. "तुम्हालाच सापडलं असं लिहू. साइट सुरू झालेली नाही, कुणाचं काही बिघडलं नाही. मी मूग गिळून बसेन."

"तुम्ही? आणि गप्प?" बाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. "कुणाचं तरी दुखणं परक्याच्या हातात पडलं असतं हो. नाही, मीच सांगते."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "एवढंच ना? ओळ मोडायची सेटिंग चालू करून टाका."

"चालू केली की मी ओळीतच हरवते. सेटिंगचा दोष नाही साहेब, माझ्या डोळ्यांचा आहे. यापुढे माझ्या शेऱ्यावर विसंबू नका."

"नव्या लोकांना शिकवाल?" साहेबांनी विचारलं.

"शिकवेन." इथं आपल्याला रडू फुटेल असं बाईंना वाटलं होतं. तसं काही झालं नाही, फक्त फार दमल्यासारखं झालं.

बाईंची जागा वकिलाला मिळाली. मोठ्या पडद्यामुळे त्या टेबलावर त्याचा कधीचा डोळा होता, पण आज तो पाठीमागे नुसता अवघडून उभा होता. बाईंनी ओळ मोडायची सेटिंग चालू केली. मग अक्षरांचा आकार कमी करत करत सगळ्यांचा असतो तिथं आणला. बाईंपुरता पडदा राखाडी झाला, त्यात एक अक्षर लागेना.

"नीट दिसतंय का बघा," त्या म्हणाल्या.

वकील वाकला. त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दिसतंय, बाई. सगळं दिसतंय."

"मग झालं," बाई म्हणाल्या, आणि उठून त्यांनी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.